पंधरा वर्षं जुनी बेपत्ताची केस, रिटायर्ड पोलीसवाला डिटेक्टिव्ह लावला तर सुटते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मामा २००९ साली घरातून गेले ते परत आलेच नाहीत, मिसिंगची नोंद झाली, दोनेक वर्षं पोलीस स्टेशनच्या चकरा झाल्या, मग सगळं थंड. आता कोणीतरी सुचवलंय की क्राईम ब्रँचमधून रिटायर झालेला एकजण प्रायव्हेट डिटेक्टिव्हचं काम करतो, त्याला लावा. तर पैसे घालावेत का, आणि पोलिसांनी केलं नाही असं तो वेगळं काय करणार.

मी स्वतः एलसीबीला, म्हणजे जिल्ह्याच्या लोकल क्राईम ब्रँचला होतो, रिटायर झाल्यावर हेच काम करतो, त्यामुळे माझं उत्तर म्हणजे स्वतःचीच जाहिरात असं कोणाला वाटलं तर वाटू दे, पण आधीच सांगतो की माझ्याकडे येणाऱ्या जुन्या केसेसपैकी बऱ्याच मी घेत नाही. का घेत नाही ते पुढे येईलच.

लोकांची समजूत अशी असते की जुनी केस म्हणजे डीएनए, लॅब, कॉम्प्युटर, आणि कोणीतरी हुशार माणूस जुन्या फोटोत भिंग लावून काहीतरी बघतो. तसं फार क्वचित होतं. वेळ जाईल तसा पुरावा मरतो. सीसीटीव्हीचं फुटेज महिनाभरात पुसलं जातं, मोबाईल कंपन्या कॉल रेकॉर्ड, म्हणजे सीडीआर, पूर्वी एक वर्ष ठेवायच्या, डिसेंबर २०२१ पासून दोन वर्षं ठेवायला लागल्या, म्हणजे २००९ चा सीडीआर आज ब्रह्मदेव आला तरी कंपनीकडून मिळणार नाही, त्या वेळच्या तपासी अंमलदाराने मागवून फाईलला लावला असेल तरच. पण त्याच काळात माणसांची आपसातली नाती बदलतात. तेव्हा जो आरोपीचा मित्र होता तो आज त्याचा वैरी असतो, जी बायको होती तिचा घटस्फोट झालेला असतो, जो नोकर होता त्याला मालकाने हाकललेलं असतं, जो घाबरत होता तो आता म्हातारा झालाय आणि त्याला कोणाची पर्वा नाही. जुनी केस बहुतेक वेळा या माणसांमुळे सुटते, आणि डिटेक्टिव्हचं खरं काम हा माणूस कोण असेल ते कागदावरून ओळखायचं आणि त्याच्यापर्यंत पोचायचं, एवढंच. हे काम नोकरीत असलेल्या पोलिसाला जमत नाही असं नाही, पण त्याच्या टेबलावर आजच्या चाळीस भानगडी असतात, बंदोबस्त असतो, आणि २००९ च्या मिसिंगबद्दल त्याला वरून कोणी विचारत नाही. आम्हाला वेळ असतो, फरक तेवढाच.

पोलिसातून बाहेर पडलेल्या डिटेक्टिव्हने जुनी केस उघडल्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणून मी अमेरिकेतली मार्टी टँकलेफची केस सांगतो. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बेल टेअर नावाचं श्रीमंतांचं गाव आहे, तिथे सप्टेंबर १९८८ मध्ये एका नवरा-बायकोवर घरातच हल्ला झाला, बाई जागीच गेली, नवरा कोमात जाऊन काही आठवड्यांनी गेला. १७ वर्षांच्या मुलाला, मार्टीला, पोलिसांनी त्याच दिवशी चौकशीला बसवलं आणि तिथल्या डिटेक्टिव्हने त्याला चक्क खोटं सांगितलं की तुझे वडील शुद्धीवर आले आणि त्यांनी तुझं नाव घेतलं. पोरगं गोंधळलं, मग मीच केलं असेल असं काहीतरी बोललं, त्याचा कबुलीजबाब तयार झाला ज्यावर त्याची सहीसुद्धा नव्हती, आणि १९९० मध्ये त्याला शिक्षा लागली, ५० वर्षं ते जन्मठेप. वडिलांचा धंद्यातला भागीदार, जो त्यांचं मोठं देणं लागत होता, तो हल्ल्यानंतर आठवड्याभरात स्वतः मेल्याचं नाटक करून कॅलिफोर्नियाला पळाला होता, तरी पोलिसांनी त्याला संशयित धरलंच नाही. (आणि त्याच्यावर पुढेही कधी गुन्हा दाखल झाला नाही, हेही सांगायला पाहिजे.)

२००१ मध्ये मार्टीने तुरुंगातूनच जे सॅल्पीटर नावाचा माणूस कामाला लावला, न्यूयॉर्क पोलीसमधून रिटायर झालेला डिटेक्टिव्ह. या गड्याने काय केलं तर आधी फाईल वाचली. फाईलमध्ये १९९४ सालचं एका बाईचं प्रतिज्ञापत्र पडून होतं की अमुक एक माणूस माझ्यासमोर या खुनाबद्दल बोलला. सात वर्षं ते तिथेच होतं, कोणी पुढे नेलं नाही. अशा माणसाच्या थेट दारात आम्ही जात नाही, सॅल्पीटरने त्या माणसाचं जुनं क्रिमिनल रेकॉर्ड काढलं आणि त्या काळात त्याच्याबरोबर गुन्ह्यात कोण कोण असायचं ते बघितलं. त्यातून एक नाव निघालं जे तेव्हा दुसऱ्याच कुठल्या गुन्ह्यासाठी आत होतं. त्याला पत्र पाठवलं. आणि तो बोलला, की त्या रात्री दोघांना गाडीने त्या घराकडे मीच नेलं होतं.

इथपर्यंत ऐकलं की लोकांना वाटतं संपलं. नाही. कोर्टात सुनावणी लागली तेव्हा त्या ड्रायव्हरने साक्ष द्यायला नकार दिला, कारण साक्ष दिली तर स्वतः अडकणार आणि सरकारी वकील त्याला माफी द्यायला तयार नव्हते. खालच्या कोर्टाने २००६ मध्ये अर्ज फेटाळला. मग वरच्या कोर्टाने डिसेंबर २००७ मध्ये सगळे नवे साक्षीदार एकत्र धरून शिक्षा रद्द केली, १७ वर्षं आत काढून तो बाहेर आला, २००८ मध्ये आरोप मागे घेतले, पुढे तो स्वतः वकील झाला. पण खून कोणी केला? आजपर्यंत कोणालाही शिक्षा नाही. म्हणून कोणी जर म्हणाला की मी केस "सोडवून" देतो, तर त्याला आधी विचारा, सोडवून म्हणजे नक्की काय?

आपल्याकडचं बघायचं तर शीना बोरा केस घ्या, त्यात डिटेक्टिव्ह कोणी नव्हता पण केस थंड का पडते ते त्यात स्वच्छ दिसतं. मे २०१२ मध्ये रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातल्या गागोदे खुर्दच्या जंगलात जळालेल्या मृतदेहाचे अवशेष मिळाले, नमुने मुंबईच्या जेजे हॉस्पिटलला गेले, आणि विषय तिथेच थांबला. इकडे मुंबईत ती मुलगी परदेशी गेलीय असं सांगितलं जात होतं. बॉडी एका जिल्ह्यात, माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला, दोन कागद तीन वर्षं एकमेकांना भेटलेच नाहीत. ऑगस्ट २०१५ मध्ये शीनाच्या आईचा ड्रायव्हर पिस्तुलाच्या वेगळ्याच केसमध्ये पकडला गेला आणि त्याने तोंड उघडल्यावर पेणचा कागद मुंबईच्या कागदाला जोडला गेला. केस कोर्टात आहे, दोषी कोण ते कोर्ट ठरवेल, पण परत बघा, बाजूचा माणूस बोलला. आणि परत ड्रायव्हरच.

आता तुमच्या मामांच्या बाबतीत. पहिलं काम कुठल्याही डिटेक्टिव्हकडे न जाता तुम्ही स्वतः करू शकता, ते म्हणजे फाईलची अवस्था काय आहे ते बघणं. फक्त मिसिंग रजिस्टरला नोंद आहे, की पुढे गुन्हा दाखल झाला होता? गुन्हा दाखल असेल तर कोर्टात समरी, म्हणजे तपास बंद करायचा पोलिसांचा अहवाल, गेली असेल, आणि ती 'अ' आहे की 'ब' की 'क' यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस आला नाही, 'ब' म्हणजे तक्रार खोटी होती, 'क' म्हणजे खरीही नाही खोटीही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. 'अ' समरी असेल तर दार उघडं आहे असंच समजा. समरी मंजूर करायच्या आधी फिर्यादीला नोटीस द्यायला पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच सांगून ठेवलंय, घरच्यांना नोटीस आली नसेल तर वकिलाला हा मुद्दा लगेच सांगा. पूर्वी सीआरपीसीचं कलम १७३(८) होतं, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएस कायद्यात १९३(९) झालंय, त्याखाली नवीन काही मिळालं तर पुढचा तपास कधीही होऊ शकतो. खुनाला मुदत नसते. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या कुठल्याच गुन्ह्याला नसते, लोकांना उगाच वाटतं की इतकी वर्षं झाली म्हणजे केस गेली.

दुसरं, आणि हे बेपत्ताच्या केसमध्ये सगळ्यात जास्त वेळा राहून जातं, मामा गेले त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत आजूबाजूच्या जिल्ह्यांत किती अनोळखी बॉडी सापडल्या ते बघणं. एडीआर, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो, बेवारस म्हणून अंत्यविधी होतो, फोटो, कपडे, अंगावरच्या खुणा पंचनाम्यात लिहिलेल्या असतात आणि त्या पंचनाम्याकडे परत कोणी बघत नाही. रेल्वे पोलिसांचं रेकॉर्ड आणखी वेगळं, लोक तालुक्याच्या स्टेशनला विचारतात आणि जीआरपीला विचारायचं विसरतात. हे काम कंटाळवाणं आहे, रजिस्टरं फाटलेली असतात, काही ठिकाणी जुने कागद नष्ट केलेले असतात, पण रिटायर्ड पोलीसवाला घ्यायचा असेल तर याच्यासाठी घ्या. कुठलं रजिस्टर कुठल्या कपाटात असतं, स्टेशनची कागदपत्रं सांभाळणाऱ्या रायटरशी कसं बोलायचं, पंचनाम्यातलं "अंदाजे वय ४० ते ४५" किती खरं धरायचं, हे त्याला माहीत असतं.

माझ्याकडची एक केस सांगतो, सेशन कोर्टात चालू आहे म्हणून गाव, साल काही सांगत नाही. दोन भाऊ आणि एक बहीण, धाकटा भाऊ बेपत्ता. थोरला सगळ्यांना सांगायचा, दारू प्यायचा, मुंबईला गेला, कुठेतरी पडला असेल. मिसिंग दाखल होती, तपास काहीच नाही. बारा-तेरा वर्षांनी बहीण माझ्याकडे आली, पिशवीत भावाचे फोटो, शाळेचा दाखला, देवऋषाने दिलेली चिठ्ठीसुद्धा. मी म्हटलं ताई हे सगळं राहू द्या, आधी मला जमिनीचा सातबारा आणि त्यावरचे सगळे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, आणून द्या. ती चिडलीच, म्हणाली मी जमिनीसाठी आले नाही. पण आणले.

फेरफारात हक्कसोड पत्राची नोंद होती. धाकट्याने आपला हिस्सा थोरल्याला सोडला, रजिस्टर दस्त, आणि तारीख बघितली तर तो बेपत्ता झाला त्याच्यानंतर जवळजवळ तीन महिन्यांची. म्हणजे जो माणूस घरच्यांना सापडत नाही तो दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात येऊन सही करून गेला! दस्ताची नक्कल काढली. ज्यांनी जमीन घेतलीय त्यांना माहीत असेल, दस्ताच्या शेवटी एक पान असतं, त्यावर लिहून देणार, लिहून घेणार यांचे तिथेच काढलेले छोटे फोटो आणि बाजूला अंगठ्याचे ठसे, आणि खाली ओळख पटवणाऱ्या दोघांची नावं. फोटो काळपट, झेरॉक्सची झेरॉक्स. बहिणीने तो कागद लांब धरला, जवळ धरला, चष्मा काढून परत बघितला आणि म्हणाली, हा आमचा भाऊ नाहीच, याचे कान बघा.

मग खुनाबिनाचा विषय मी बाजूलाच ठेवला. ओळख देणाऱ्या दोघांपैकी एकजण वारला होता, दुसऱ्याचं स्टँडजवळ गॅरेज, आणि गावात चौकशी केल्यावर कळलं की एके काळी थोरल्याच्या मागे-पुढे फिरणारा हा माणूस पंचायतीच्या निवडणुकीत त्याच्या विरोधात उभा राहिला होता आणि तेव्हापासून बोलणं बंद. गाडीचं काम काढून त्याच्याकडे जात राहिलो. त्याला भाऊ कुठे गेला असं एकदाही विचारलं नाही, फक्त एवढंच विचारलं की या फोटोतला माणूस कोण. आधी आठवत नाही म्हणाला. मग एका दिवशी स्वतःच म्हणाला की साहेब मला सांगितलं होतं भाऊ मुंबईला आहे, सुट्टी नाही, तू नुसती ओळख दे, त्यात काय एवढं. आणि जाता जाता म्हणाला, त्याच उन्हाळ्यात त्यांनी बांधावरची जुनी विहीर बुजवली, चांगली पाण्याची विहीर, आम्हाला तेव्हाच नवल वाटलं होतं.

आता इथे जो हौशी डिटेक्टिव्ह असतो तो जेसीबी घेऊन विहिरीवर जातो. मी विहिरीच्या बांधावर पायसुद्धा ठेवला नाही. कारण उद्या कोर्टात पहिला प्रश्न हाच येतो की हाडं कोणी काढली, कोणासमोर काढली, मध्ये कोणी ठेवली नाहीत कशावरून. आरोपी पोलीस कोठडीत असताना त्याच्या सांगण्यावरून पंचांसमोर जागा दाखवली गेली तर त्याला एव्हिडन्स अॅक्टच्या कलम २७ ची किंमत येते, आता नवीन कायद्यात कलम २३ मध्ये गेलंय. मी खणलं असतं तर ती किंमत शून्य झाली असती आणि वर पुरावा नष्ट केल्याचा आरोप माझ्यावरच आला असता. म्हणून बहिणीच्या सहीने एसपी साहेबांना अर्ज, सोबत मिसिंगची प्रत, फेरफार, दस्ताची नक्कल, तारखांचा एक साधा तक्ता. विहिरीचा उल्लेख शेवटी, एका ओळीत. पोलिसांनी आधी तोतयेगिरीचा आणि बनावट दस्ताचा गुन्हा दाखल केला, तो कागदावरच सिद्ध होत होता, त्यात अटक झाली आणि विहिरीचा विषय कोठडीत निघाला. हाडं मुंबईत कलिन्याच्या सरकारी फॉरेन्सिक लॅबला गेली, बहिणीच्या रक्ताशी डीएनए जुळला. लॅब आली ती सगळ्यात शेवटी, बघा.

यावरून तुमच्या लक्षात येईल की प्रायव्हेट डिटेक्टिव्हला कायद्याने काडीचा अधिकार नाही. अटक नाही, झडती नाही, कोणाला बोलावून जबाब घ्यायचा अधिकार नाही, रस्त्यावरच्या कुठल्याही नागरिकाइतकेच हक्क. २००७ साली डिटेक्टिव्ह एजन्सीसाठी विधेयक राज्यसभेत आलं होतं, कायदा काही झाला नाही, त्यामुळे सरकारी लायसन्स वगैरे कोणी दाखवत असेल तर ते बहुतेक सिक्युरिटी गार्ड पुरवायचं असतं, ते वेगळं. आणि जो म्हणेल "सीडीआर काढून देतो, लोकेशन काढून देतो, बँक डिटेल्स काढून देतो" त्याच्या ऑफिसातून लगेच उठा. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी बेकायदा सीडीआर विकण्याच्या प्रकरणात प्रायव्हेट डिटेक्टिव्हांचीच धरपकड केली होती. असा चोरून आणलेला कागद तुमच्या केसला उपयोगी तर पडत नाहीच, वर तुम्हीही चौकशीला जाल.

पैशांचं म्हणाल तर टप्प्याटप्प्याने द्या. पहिला टप्पा फक्त कागदांचा, त्याचा लेखी रिपोर्ट घ्या, त्यात पुढे जाण्यासारखं काही निघालं तरच दुसरा. मी ज्या केसेस घेत नाही त्या याच टप्प्याला कळतात. कागदात एकही माणूस असा दिसत नाही ज्याला काही माहीत असेल आणि ज्याचं आज कोणाशी तरी बिनसलेलं असेल, तर मी सरळ सांगतो की माझ्यावर खर्च करू नका. आणि घरच्यांना खरं काय हवंय तेही आधी आपसात ठरवा. बऱ्याचदा मामीला पेन्शन, बँक, घर नावावर करणं एवढंच अडलेलं असतं, त्यासाठी डिटेक्टिव्ह लागत नाही. सात वर्षं ज्याच्याबद्दल त्याच्या जवळच्यांना काही कळलं नाही तो हयात नाही असं कायदा धरतो, जुन्या एव्हिडन्स अॅक्टचं १०८, आताचं १११, सिव्हिल कोर्टातून तसं जाहीर करून घेता येतं. मृत्यूची तारीख कुठली धरायची हा वाद मात्र वेगळा होतो, इन्शुरन्स असेल तर वकिलाला हे आधी विचारा.

आणि मामा जिवंत असतील ही शक्यता सोडू नका. मुंबईत डीएन नगर पोलीस स्टेशनला राजेंद्र भोसले नावाचे एएसआय होते, २००८ ते २०१५ मध्ये त्यांच्याकडे १६६ हरवलेल्या मुलींची प्रकरणं होती, १६५ सापडल्या आणि एक राहिली, जानेवारी २०१३ मध्ये अंधेरीतून शाळेत जाताना गायब झालेली सात वर्षांची पोरगी. २०१५ ला ते रिटायर झाले तरी तिचा फोटो घेऊन शोधत राहिले, पगार नाही, फी नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली, नऊ वर्षांनी, स्वतःच्या घरापासून अगदी जवळच्या वस्तीत. कशी, तर ती जिथे कामाला होती तिथल्या एका बाईने तिची गोष्ट ऐकून इंटरनेटवर जुनं हरवल्याचं पोस्टर शोधलं, त्यावर पाच फोन नंबर होते, चार बंद पडलेले, एका शेजाऱ्याचा तेवढा चालू होता.

म्हणून २००९ च्या पोस्टरवर, पेपरातल्या जाहिरातीत, मिसिंगच्या नोंदीत जे नंबर दिले होते ते आधी शोधून काढा. बंद झाले असतील तर चालू नंबरचा अर्ज पोलीस स्टेशनला द्या आणि पोच घ्या, जुनं पोस्टर नवीन नंबर टाकून परत इंटरनेटवर टाका. त्या बहिणीने आणले तसे मामांच्या जमिनीचे फेरफारही याच आठवड्यात बघा, तलाठ्याकडे फार वेळ लागत नाही. मामांच्या नावावर २००९ नंतर एखादा दस्त दिसला तर मात्र घरात कोणालाही न बोलता त्याची नक्कल काढा आणि वकिलाला दाखवा, मग डिटेक्टिव्हचं बघू.